टायटॅनियमची चिप कशी वाचावी

टायटॅनियमच्या दोन सळ्या एकाच ग्रेडच्या आहेत, दोन्हींच्या प्रमाणपत्रांतले रासायनिक घटकांचे आकडे जुळतात, काठिण्यही जवळपास सारखेच आहे. तरीही एका सळीवर जे इन्सर्ट (टूलच्या टोकावर बसवायचा, बदलता येणारा कार्बाइडचा तुकडा) पंचवीस मिनिटे आरामात टिकते, त्याच इन्सर्टच्या धारेचे दुसऱ्या सळीवर दहा मिनिटांत टवके उडू लागतात. अशा वेळी कारखान्यात संशय आधी इन्सर्टच्या लॉटवर, मग कुलंटवर (कटिंग थंड ठेवणाऱ्या द्रवावर) आणि शेवटी ऑपरेटरवर जातो. ट्रेमध्ये पडलेल्या चिपकडे, म्हणजे कापताना निघालेल्या धातूच्या किसाकडे, मात्र कोणी पाहत नाही, आणि खरी हकीकत बहुधा तिथेच असते. सळीची सूक्ष्मरचना, म्हणजे धातूच्या आत अल्फा आणि बीटा या दोन अवस्थांचे कण कसे मांडलेले आहेत ते, चिपच्या आकारात उमटते. ती चिप कशी गोळा करावी, कशी कापून पॉलिश करावी, त्यातून काय मोजावे आणि त्यावरून कटिंगचे आकडे कसे ठरवावेत, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. विवेचन मुख्यतः ग्रेड ५ या मिश्रधातूला, म्हणजे ६ टक्के अॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या आपल्या नेहमीच्या ‘सिक्स-फोर’ला धरून आहे.

सळीच्या आत काय असते

शुद्ध टायटॅनियम ८८२ °से. पर्यंत षट्कोनी रचनेच्या अल्फा अवस्थेत असते आणि त्यावर घनाकृती बीटा अवस्थेत जाते. सिक्स-फोरमध्ये अॅल्युमिनियम अल्फाला आणि व्हॅनेडियम बीटाला धरून ठेवतो, त्यामुळे सामान्य तापमानाला दोन्ही अवस्था शेजारीशेजारी राहतात, आणि पूर्णपणे बीटा होण्यासाठी धातू सुमारे ९९५ °से. पर्यंत तापवावा लागतो. या तापमानाला बीटा ट्रान्सस म्हणतात. सळी शेवटची ठोकली किंवा लाटली गेली ती या रेषेच्या खाली की वर, आणि त्यानंतर ती किती वेगाने थंड झाली, या दोनच गोष्टींवर पुढचे बहुतेक सारे ठरते.

रेषेच्या खाली काम होऊन सळी अॅनील केलेली, म्हणजे तापवून मऊ केलेली, असेल तर अल्फाचे साधारण ५ ते २० मायक्रॉनचे गोलसर कण दिसतात आणि त्यांच्या फटींतून बीटा पसरलेला असतो. ही समकणी रचना. रेषेच्या थोडेच खाली तापवून थंड केलेल्या सळीत काही गोलसर अल्फा तसाच राहतो आणि मधल्या जागेत बारीक पट्ट्या तयार होतात. ही मिश्र रचना. रेषेच्या वर नेऊन सावकाश थंड केलेल्या सळीत मात्र गोलसर कण उरतच नाहीत. आधीच्या बीटाचे मोठे कण, कधी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठे, तेवढे शिल्लक राहतात आणि प्रत्येक कणात अल्फाच्या समांतर पट्ट्यांच्या जुड्या भरलेल्या असतात. जुडी हा शब्द मी मेथीच्या जुडीवरून घेतला आहे, कारण चित्र अगदी तसेच दिसते: एका जुडीतल्या साऱ्या काड्या एका दिशेने, शेजारच्या जुडीतल्या दुसऱ्याच दिशेने. थंड होण्याचा वेग वाढला की जुड्या लहान होत जातात आणि पट्ट्या टोपलीच्या विणीसारख्या एकमेकींत गुंततात. थेट पाण्यात बुडवले तर पट्ट्यांऐवजी मार्टेन्साइटच्या अतिशय बारीक सुया मिळतात.

काठिण्याच्या आकड्यावर येथे भिस्त ठेवता येत नाही. समकणी आणि पट्टीदार या दोन्ही रचना अॅनील अवस्थेत साधारण ३० ते ३६ एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) पट्ट्यातच येतात, म्हणजे काठिण्य पाहून त्या वेगळ्या काढणे अशक्यच आहे. एजिंग केलेली, म्हणजे उष्णतोपचाराने मुद्दाम कठीण केलेली, सळी तेवढी त्याहून वर गेलेली दिसते.

चिपला दाते का पडतात

मध्यम कार्बन पोलादाची औष्णिक वाहकता साधारण ५० वॅट प्रति मीटर-केल्विन असते. सिक्स-फोरची सुमारे ७. कटिंग चालू असताना टूलच्या पुढचा धातू दाबला जातो आणि एका अरुंद तिरप्या पट्ट्यात सरकू लागतो. सरकण्याने तिथे उष्णता निर्माण होते, पण ती बाजूला जायला वेळच मिळत नाही. त्यामुळे तो पट्टा मऊ पडतो, मऊ पडल्यामुळे पुढचे सारे सरकणे त्याच पट्ट्यात होते, आणि धातूचा एक अख्खा ठोकळा मागच्या ठोकळ्यावरून घसरून वर जातो. मग टूल पुढच्या ठोकळ्याला दाबू लागते आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते. चिपची एक बाजू त्यामुळे करवतीच्या पात्यासारखी दातेरी होते, आणि टूलच्या अंगावरून घासत गेलेली दुसरी बाजू गुळगुळीत, चकचकीत राहते. दोन दात्यांमधल्या त्या अरुंद पट्ट्याला शिअर बँड म्हणतात; त्याची रुंदी बहुधा काही मायक्रॉनच असते.

उष्णतेने मऊ पडून होणाऱ्या या अचानक घसरणीची मांडणी आर. एफ. रेक्ट यांनी १९६४ मध्ये केली. मिल्टन शॉ यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे मात्र असे होते की सुरुवात उष्णतेने होत नाही, चिपच्या मोकळ्या पृष्ठभागावर पडणाऱ्या भेगेने होते. हा वाद बराच काळ चालला. माझ्या मते कारखान्यातल्या माणसाने त्यात बाजू घेण्याचे कारण नाही, कारण एकाच सळीच्या चिपमध्ये दोन्ही खुणा सापडतात: खालच्या भागात उष्णतेचा पट्टा आणि वरच्या टोकाला भेग. कोणत्या रचनेत कोणती खूण जास्त ठळक होते, हे आपल्या उपयोगाचे.

तुलनेसाठी चिप कशी घ्यावी

मशीनखालच्या ढिगातून उचललेली मूठभर चिप तुलनेला निरुपयोगी असते. वेग वाढला की दाते खोल होतात, फीड (जॉबच्या एका फेऱ्यात टूल पुढे सरकते ते अंतर) वाढले की दात्यांमधले अंतर वाढते, आणि धार झिजली की चिपचे सारे रूपच बदलते. म्हणून या तिन्ही गोष्टी स्थिर ठेवून, नव्या धारेने, केवळ चिपसाठी एक छोटा कट घ्यावा. मी लेथवर बाहेरच्या व्यासाचे सरळ टर्निंग घेतो. फेसिंग, म्हणजे टोकाच्या सपाट बाजूवरचा कट, घेत नाही, कारण मध्याकडे जाताना वेग बदलत जातो. वेग ५० मीटर प्रतिमिनिट, फीड ०.१५ मि.मी. प्रतिफेरा, कटची खोली २ मि.मी., टूलची मुख्य धार जॉबच्या अक्षाला काटकोनात आणि नोज रेडियस (टूलच्या टोकाची गोलाई) ०.४ मि.मी. असावी. धार काटकोनात असली की न कापलेल्या थराची जाडी फीडइतकीच राहते, आणि खोली फीडच्या दहापटीहून अधिक असली की चिपच्या मधल्या भागावर कडांचा परिणाम फारसा होत नाही. कुलंट चालू ठेवायचे की बंद, हे एकदा ठरवावे आणि पुढे कधीही बदलू नये.

वीस-तीस सेकंदांची चिप पुरते. पहिली एक-दोन सेकंदे सोडून द्यावीत. चिप चिमट्याने उचलावी, हाताने नाही, कारण टायटॅनियमच्या दातेरी कडा ब्लेडसारख्या कापतात. अॅसिटोनने धुऊन लहान प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावी आणि डबीवर सळीचा हीट नंबर (धातूच्या वितळवणीच्या घाण्याचा क्रमांक), व्यास, सळीत कितव्या खोलीवर कट घेतला ते, वेग, फीड आणि तारीख लिहावी. कितव्या खोलीवर, हे लिहायला लोक हमखास विसरतात. पण १५० मि.मी. व्यासाच्या सळीचे मध्य बाहेरच्या भागापेक्षा सावकाश थंड झालेले असते आणि तिथली रचना बाहेरच्यापेक्षा जाड असू शकते.

येथे एक सूचना देणे आवश्यक आहे. टायटॅनियमची बारीक चिप पेट घेते आणि पेटली की फार प्रखर जळते. अशा आगीवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड कधीही मारू नये. धातूच्या आगीसाठी असलेली डी वर्गाची कोरडी पावडर किंवा कोरडी वाळू मशीनजवळ ठेवावी, आणि बारीक फिनिशिंग कटची चिप शिफ्ट संपताच झाकणाच्या धातूच्या पिंपात न्यावी.

नमुना बसवणे आणि एचिंग

चिपचा १० ते १५ मि.मी. लांबीचा सरळसा तुकडा घेऊन तो छोट्या स्प्रिंग क्लिपमध्ये कडेवर उभा धरावा, म्हणजे घासत गेल्यावर चिपच्या रुंदीच्या मध्यावरचा लांब छेद दिसेल. तो शीत रेझिनमध्ये बसवावा. गरम प्रेसमध्ये दाबाने चिप चपटी होते, दाते वाकतात, आणि मग आपण प्रेसचेच मोजमाप घेत बसतो. रेझिन मऊ आणि धातू कठीण असल्यामुळे पॉलिश करताना दात्यांच्या कडा गोलावतात. त्यासाठी खनिज भुकटी घातलेले, सावकाश घट्ट होणारे रेझिन घ्यावे. एकाच साच्यात तीन-चार तुकडे बसवले तर एखादा तिरपा बसला तरी काम अडत नाही. तुकडा त्याच्या लांबीच्या अक्षाभोवती २० अंशांनी कलला तर जाडी सुमारे ६ टक्के जास्त दिसते, दात्यांमधले अंतर मात्र तेच राहते, हेही ध्यानात असावे.

चिपबरोबर त्याच सळीचा एक नमुनाही करावाच. त्याशिवाय चिपमध्ये दिसलेल्या गोष्टीचे कारण सांगता येत नाही. सळीचा आडवा आणि उभा असे दोन्ही छेद घ्यावेत, आणि शक्य असेल तर पृष्ठभागाजवळचा, निम्म्या त्रिज्येवरचा आणि मध्यावरचा असे तीन भाग पाहावेत.

घासण्यासाठी ३२० नंबरचा सिलिकॉन कार्बाइड कागद, त्यानंतर कडक कापडावर ९ मायक्रॉनचा हिरा, आणि शेवटी कोलॉइडल सिलिका हा क्रम पुरेसा आहे. सिलिकाच्या पाच भागांत ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक भाग मिसळला की पॉलिशिंग यांत्रिक आणि रासायनिक असे दोन्ही प्रकारे होते आणि ओरखड्यांखाली दबलेला विकृत थर निघून जातो. या टप्प्यावर घाई करणाऱ्यांना पुढे जे ‘शिअर बँड’ दिसतात, त्यांतले काही निव्वळ ओरखडे असतात.

एचिंगसाठी, म्हणजे कण उठून दिसावेत म्हणून पॉलिश केलेला पृष्ठभाग आम्लाने किंचित खाऊ देण्यासाठी, क्रोल द्रावण वापरतात. टायटॅनियम वेगळे करण्याची जी क्रोल प्रक्रिया, ती शोधणाऱ्या विल्यम क्रोल यांचेच हे नाव. १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २ मिलिलिटर हायड्रोफ्लुओरिक आम्ल, ६ मिलिलिटर नायट्रिक आम्ल आणि उरलेले पाणी, असे त्याचे नेहमीचे प्रमाण. दहा ते वीस सेकंदांत अल्फा उजळ राहतो आणि बीटा किंवा बीटापासून बनलेला भाग काळसर दिसतो. हायड्रोफ्लुओरिक आम्ल मात्र साधे आम्ल नाही. ते काच खाते, म्हणून भांडे प्लॅस्टिकचेच हवे. आणि पातळ द्रावण त्वचेवर पडले तर सुरुवातीला दुखतही नाही, पण फ्लुओराइड आत शिरून शरीरातले कॅल्शियम ओढून घेते. योग्य हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, धूर ओढून घेणारे कपाट आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेट जेल, यांतले एकही नसेल तर एचिंग बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करून घ्यावे. थेंब अंगावर पडला तर भरपूर पाण्याने धुऊन जेल लावावे आणि दुखत नसले तरी ताबडतोब डॉक्टरकडे जावे.

काय मोजावे

सूक्ष्मदर्शकाखाली सलग वीस दाते निवडावेत. प्रत्येक दात्याचा शेंडा चिपच्या गुळगुळीत बाजूपासून किती उंच आहे, दोन दात्यांमधली खाच किती उंचीवर आहे, आणि शेंड्यापासून पुढच्या शेंड्यापर्यंतचे अंतर किती, या तीन गोष्टी लिहाव्यात. समजा शेंडे सरासरी ०.२१ मि.मी. आणि खाचा ०.१२ मि.मी. आहेत. उंचीतला फरक भागिले शेंड्याची उंची, म्हणजे ०.०९ भागिले ०.२१, हे सुमारे ०.४३ येते. याला दातेरीपणाचा अंश म्हणू. चिप पूर्ण अखंड असेल तर तो शून्य असतो, आणि ठोकळे एकमेकांपासून सुटे व्हायला आले की १ कडे झुकतो.

चिपची सरासरी जाडी सूक्ष्मदर्शकापेक्षा काट्यावर जास्त अचूक मिळते. ५० मि.मी. लांब आणि २ मि.मी. रुंद तुकडा ७५ मिलिग्रॅम भरला, आणि सिक्स-फोरची घनता ४.४३ ग्रॅम प्रति घनसेंमी धरली, तर जाडी ०.१७ मि.मी. येते. आता ०.१५ मि.मी.चा थर ०.१७ मि.मी. जाड झाला, म्हणजे चिपचा वेग कटिंगच्या वेगाच्या सुमारे ८८ टक्के. ५० मीटर प्रतिमिनिट म्हणजे सेकंदाला ८३३ मि.मी., त्याचे ८८ टक्के सुमारे ७३५ मि.मी. दात्यांमधले अंतर ०.१२ मि.मी. असेल तर सेकंदाला सहा हजारांहून थोडे अधिक दाते तयार होत आहेत. दर सेकंदाला सहा हजार वेळा धारेवरचा भार चढतो आणि उतरतो. धारेचे टवके का उडतात, हे यावरून कळते.

सरासरीपेक्षाही महत्त्वाचा असतो तो या वीस आकड्यांमधला पसारा. सरासरी सारखी, पण एका चिपमध्ये अंतर ०.११ ते ०.१३ आणि दुसरीत ०.०७ ते ०.२०, असे आढळले तर त्या दोन सळ्या एकसारख्या नाहीत, एवढे निश्चित समजावे.

दिसते त्याचा अर्थ

समकणी सळीत फीड ०.१५ मि.मी. आणि कण १० मायक्रॉनचे असतील, तर न कापलेल्या थराच्या जाडीत पंधरा कण बसतात, आणि एका दात्यात शेकडो. प्रत्येक कणाची दिशा वेगळी असल्यामुळे सरकायला सोपे आणि अवघड कण एकमेकांची भरपाई करतात आणि धातू सरासरीने वागतो. दाते एकामागून एक सारखेच येतात. शिअर बँडच्या कडेला गोल कण ताणले जाऊन पट्ट्याकडे वळलेले दिसतात, हे दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही: वाहत्या पाण्यात गवत एका बाजूला लोळावे तसे.

जुड्यांच्या रचनेत हा सरासरीचा हिशेब मोडतो. जुडी १०० ते ३०० मायक्रॉनची असेल, तर एक दाता एखाद-दुसऱ्या जुडीतूनच कापला जातो. शिवाय एका जुडीतल्या अल्फा पट्ट्या आणि त्यांच्यामधला बीटा यांच्या स्फटिकदिशांचे ठराविक नाते असते, त्यामुळे सरकणे एका पट्टीतून दुसरीत फारशा अडथळ्याविना जाऊ शकते आणि अख्खी जुडी एकाच मोठ्या कणासारखी वागते. जुडीची दिशा सरकण्याच्या तिरप्या पातळीशी जुळली तर ठोकळा चटकन घसरतो आणि लहान दाता निघतो. जुळली नाही तर धातू साचत जातो, दाता फुगतो, पट्ट्या मध्येच गुडघ्यासारख्या वाकलेल्या दिसतात, आणि शेवटी शेंड्याजवळून भेग येते. पुढची जुडी पुन्हा वेगळी. धारेवरचा भार त्यामुळे केवळ सेकंदाला हजारो वेळा बदलतो एवढेच नाही, तर प्रत्येक वेळी वेगळ्या प्रमाणात बदलतो, आणि कटिंगचा एकसुरी आवाज जाऊन खरखर ऐकू येते. जुन्या ऑपरेटरचा कान हा फरक सूक्ष्मदर्शकाच्या आधी पकडतो, असा माझा अनुभव आहे.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: फीड मोठे की जुडी मोठी? मिश्र रचना आणि टोपलीच्या विणीची रचना यांचे वागणे याच एका प्रश्नाने बरेचसे उलगडते, कारण त्यांतल्या जुड्या लहान असल्यामुळे चिप समकणीच्या जवळ जाते. मार्टेन्साइटच्या सुया फीडच्या मानाने फारच बारीक असतात, म्हणून तिथे दात्यांचा पसारा मोठा दिसत नाही, पण धातूच अधिक कणखर असल्यामुळे भार वाढतो.

शिअर बँडचा रंगही पाहावा, पण जपून. मंद वेगात पट्ट्यात ताणलेले कण ओळखू येतात. वेग वाढला की पट्टा अरुंद होतो आणि एचिंगनंतर पांढरा, वैशिष्ट्यहीन दिसतो. पांढरा पट्टा दिसला म्हणजे तिथे तापमान बीटा ट्रान्ससच्या वर गेले, असा निष्कर्ष बरेच जण काढतात. कण अतिशय बारीक झाले तरीही पट्टा पांढराच दिसतो. साध्या सूक्ष्मदर्शकावर या दोहोंत फरक करता येत नाही, तेव्हा तिथे थांबावे.

आकडे बदलताना

अॅनील केलेल्या समकणी सळीवर कार्बाइडने रफ टर्निंगसाठी ५० ते ६० मीटर प्रतिमिनिट ही सुरुवात ठीक असते. पट्टीदार रचना आढळली की मी आधी वेग ४० ते ४५ वर आणतो आणि फीडला हात लावत नाही. बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया फीड कमी करण्याची असते, आणि तीच येथे चुकते. फीड कमी केल्याने थर पातळ होतो, म्हणजे जुडीच्या तुलनेत आणखी लहान. पसारा कमी होत नाही. वर, फीड धारेच्या गोलाईच्या जवळ आले की टूल कापायचे सोडून घासू लागते, आणि घासण्याची सारी उष्णता धारेतच जिरते, कारण टायटॅनियम ती वाहून नेत नाही.

धार तीक्ष्ण आणि रेक (चिप जिच्यावरून घसरते त्या टूलच्या बाजूचा कल) धन असावा, हे टायटॅनियमसाठी सर्वमान्यच आहे. पट्टीदार सळीवर मात्र अगदी नागडी तीक्ष्ण धार टिकत नाही. किंचित होन केलेली, म्हणजे अगदी सूक्ष्म गोलावलेली, बारीक कणांच्या कार्बाइडची धार जास्त भरवशाची ठरते. जाड सीव्हीडी लेप (वायूतून चढवलेला कठीण थर) असलेली इन्सर्ट मी टाळतो, कारण लेपामुळे धार मुळातच बोथट होते. चिप आणि टूल यांचा स्पर्श टायटॅनियममध्ये फार थोड्या लांबीवर होतो, त्यामुळे सारा दाब आणि उष्णता धारेला अगदी लगटून असते. ७० बारच्या आसपासचे उच्चदाब कुलंट नेमके त्या फटीत सोडले तर उपयोग होतो, वरून ओतलेले कुलंट तिथे पोहोचत नाही. मिलिंगमध्ये कटर जाड चिपपासून पातळ चिपकडे जाईल अशी फिरण्याची दिशा ठेवावी आणि कटरच्या दात्यांमधले अंतर असमान असलेला कटर निवडावा. सिक्स-फोरचा यंग गुणांक सुमारे ११४ गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या निम्म्याहून थोडा अधिक. जॉब टूलपासून दूर झुकतो आणि परत येतो, म्हणून असमान भार असलेल्या सळीवर पकड घट्ट आणि टूलचा बाहेर आलेला भाग आखूड ठेवण्याला दुप्पट महत्त्व येते.

एजिंग करायचेच असेल तर रफिंग अॅनील अवस्थेत उरकून, पुरेसा मटेरियल अलाउन्स (पुढच्या कटसाठी राखलेली जाडी) ठेवून मगच उष्णतोपचार करावा. बीटा मिश्रधातूंबाबत तर हे अधिकच खरे. बोइंग ७७७ च्या लँडिंग गिअरमध्ये वापरला जाणारा १० टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू किंवा ७८७ मधला ‘पाच-पाच-पाच-तीन’ नावाचा मिश्रधातू हे तप्त अवस्थेतही ताकद सोडत नाहीत. त्यांच्यावर सिक्स-फोरच्या निम्म्या वेगापासून सुरुवात करणे शहाणपणाचे.

लेझरने पावडर वितळवून छापलेल्या सिक्स-फोरमध्ये थंड होण्याचा वेग प्रचंड असल्याने मार्टेन्साइटच्या सुया असतात आणि जुने बीटा कण छपाईच्या दिशेने उभ्या खांबांसारखे वाढलेले असतात. अशा जॉबवर छपाईची दिशा मार्करने लिहून ठेवावी आणि चिप दोन्ही दिशांनी घेऊन पाहावी. सुमारे ९२० °से. आणि १००० बार दाबाची एचआयपी प्रक्रिया (तप्त जॉब वायूच्या दाबाने घट्ट करणे) झाली असेल तर सुया जाऊन अल्फा-बीटाच्या जाडसर पट्ट्या आलेल्या असतात, आणि छपाईनंतर लगेच घेतलेले आकडे तिथे लागू पडत नाहीत. ओतीव किंवा हवेत तापवलेल्या जॉबच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन शोषलेला कठीण थर, अल्फा केस, असतो. पहिला कट या थराच्या खालून जाईल इतका खोल घ्यावा. थराच्या आतच धार फिरवत राहिले तर नवे इन्सर्ट मिनिटांत जाते.

सुरुवातीला सांगितलेल्या दोन सळ्या काल्पनिक नाहीत. मी काम करत होतो त्या कारखान्यात ७० मि.मी. व्यासाच्या सळ्यांचा एक लॉट आला आणि तिसऱ्या दिवसापासून धारा तुटू लागल्या. इन्सर्ट बदलली, कुलंटची तीव्रता तपासली, चकचे जबडेही बदलले. आठवडा असाच गेल्यावर जुन्या लॉटची उरलेली एक डबी सापडली आणि दोन्ही चिपा एका साच्यात बसवून पाहिल्या: जुन्यात अंतर ०.१० ते ०.१३, नव्यात ०.०६ ते ०.१९ मि.मी. सळीच्या छेदात बीटाचे मोठे कण डोळ्यांनी दिसतील इतके ठळक होते आणि त्यांच्या सीमांवर अल्फाची सलग पांढरी रेघ होती. सळी ट्रान्ससच्या वर तापलेली होती. अशी रचना हा नेहमीच दोष असतो असे नाही. भेग सावकाश वाढावी म्हणून विमानाच्या काही भागांसाठी ती मुद्दाम करतात. आमच्या मागणीपत्रात सूक्ष्मरचनेची अटच नव्हती, म्हणून पुरवठादाराला बोल लावायलाही जागा नव्हती. शस्त्रक्रियेने शरीरात बसवायच्या भागांच्या धातूसाठीचे एएसटीएम एफ१३६ हे मानक कणसीमेवर अल्फाची सलग जाळी नको असे स्पष्ट सांगते; तसे एक वाक्य आम्ही नंतरच्या मागणीपत्रात घातले. त्या लॉटपुरता वेग ५५ वरून ४२ वर आणला, फीड ०.१८ वरच ठेवले आणि होन केलेल्या धारेची इन्सर्ट घेतली. टवके उडणे थांबले. धार जुन्या लॉटइतकी टिकली नाही ती नाहीच. पंचवीस मिनिटांऐवजी सतरा-अठरा मिनिटांवर इन्सर्ट फिरवायचे असे ठरवून आम्ही तो लॉट संपवला.